एक्केचाळीस रेकॉर्डिंग

गल्लीत त्यांना सगळे पुसेकाका म्हणत. खरं आडनाव वेगळंच, ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एक खुर्ची आणि अर्धं टेबल मावेल एवढं. पण जुन्या मोबाइलमधलं सामान नव्यात भरून घ्यायला माणसं दोन-दोन बस बदलून यायची. इंटरनेट नको, केबल नको. दोन मोबाइल शेजारी शेजारी ठेवायचे, एकाने आपलं छोटंसं वायफाय सुरू करायचं, दुसऱ्याने त्याला जोडून घ्यायचं, की फोटो, गाणी, कागदपत्रं सरसर इकडून तिकडे. त्यात काय मोठंसं, हल्ली कुणीही करतं म्हणाल. करा की! पण जुना मोबाइल शेवटचे आचके देत असला, दर दोन मिनिटांनी बंद पडत असला, की भलेभले हात टेकतात. काका तेवढ्या दोन मिनिटांत जमेल ते दुकानाच्या मोबाइलवर ओढून घ्यायचे, पुन्हा चालू करायचे, पुन्हा ओढायचे, आणि मग तिथून निवांत नव्यात घालायचे.

आता परक्याच्या मोबाइलवर आपलं घरदार जाऊन बसलं, म्हणजे गिऱ्हाइकाचा जीव टांगणीला. म्हणून काकांचा रिवाज ठरलेला. काम झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दुकानाचा मोबाइल पूर्ण रिकामा करायचा. पुसलेलंही परत काढणारे महाभाग असतात, तेव्हा त्यावर काळ्या पडद्याचा एक भलामोठा व्हिडिओ मेमरी गच्च भरेपर्यंत ओतायचा आणि तोही पुसायचा. "घ्या, आता माझा बाप आला तरी काढू शकणार नाही," असं म्हणून पडदा गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचे. कुणाचं काही उघडूनही बघायचे नाहीत. किती फायली, किती एमबी, विषय संपला. या एका गोष्टीची त्यांना भारी घमेंड होती, आणि खोटं कशाला बोला, ती शोभतही होती.

काकू म्हणजे तोंडाचा पट्टा. सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत. "अहो, लोकांच्या मोबाइलचं एवढं करता, कधी बायकोशीही दोन शब्द बोला," हे रोजचंच. अशा बाईच्या घशात गाठ निघावी! डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला अठरा दिवस होते. ते अठराही दिवस काकू दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून मोबाइलसमोर बसल्या. लेकीला सातवा महिना होता. नातवंडाला आजीचा आवाज कसा होता ते कळायला नको?

ऑपरेशनच्या सकाळी हॉस्पिटलमध्ये त्यांनी आपला मोबाइल काकांच्या हातात कोंबला. "हा मेला सारखा बंद पडतोय. यातली रेकॉर्डिंगं तुमच्याकडे काढून घ्या. मग मी सुटले."

काकांचा स्वतःचा मोबाइल भरलेला होता. खिशात दुकानाचा होता, त्याच्यावर ओढलं. "एक्केचाळीस?" ते म्हणाले. "एवढं काय बोललीस गं?"

"ऐका की सावकाश. आता शांतताच शांतता आहे तुम्हाला."

मग काकूंना आत नेलं.

संध्याकाळी आपल्या मोबाइलमध्ये जागा करायची आणि सगळं हलवायचं, असं काकांनी ठरवलं होतं. पण हॉस्पिटलची संध्याकाळ कुणाच्या हातात असते? औषधं, चिठ्ठ्या, सही इथे करा, तिकडे जा. तिसऱ्या दिवशी काकूंचा मोबाइल कायमचा बसला. काकांनी उघडून पाहिलं, बोर्ड जळला होता. त्यांना काळजी वाटली नाही. रेकॉर्डिंगं दुकानाच्या मोबाइलवर सुखरूप होती.

सहाव्या दिवशी त्यांनी दोन तासांसाठी दुकान उघडलं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. "काका, कपडे अंगावर घालून पाहतानाचे फोटो आहेत यात, बायकांचे. माझ्या विश्वासावर काढू दिलेत त्यांनी. एकही कुठे राहता कामा नये."

"निर्धास्त राहा," काका म्हणाले. पाच रात्री बाकड्यावर काढलेला माणूस, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण हातांना सवय होती. त्यांनी फोटो ओढले, नव्या मोबाइलमध्ये घातले, बाईंना मोजून दाखवले. मग दुकानाचा मोबाइल रिकामा केला. मग काळा व्हिडिओ ओतला. मग तोही पुसला. बापाचं ते नेहमीचं वाक्यही बोलून झालं. बाई समाधानाने गेल्या.

शटर ओढता ओढता त्यांना आठवलं, चला, आता तिचं हलवून घेऊ. मोबाइल उघडला, तर तो कोरा, त्यांनीच मघाशी केलेला. पुसलेलं परत काढायचे दोन-तीन प्रोग्राम त्यांच्याकडे होते, ते दोनदा चालवले. काळ्या पडद्याचे तुकडे तेवढे मिळाले. अहो, मिळणार कसं? काम चोख करणारा माणूस होता ना!

नऊ दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. लेकीचा फोन यायचा, "बाबा, आईचं एक तरी पाठवा ना." हे म्हणायचे, "इथे रेंज नाही गं." ज्याने जन्मभर रेंजवाचून कामं केली, त्याने लेकीला हे सांगावं! लाज वाटत होती, पण धीर होत नव्हता.

काकू घरी आल्यावर दुसऱ्या दुपारी त्यांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, गळ्यात नळी, मांडीवर वही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि लिहिलं, "सगळी?"

"सगळी."

काकूंनी वही पुन्हा मांडीवर ओढली. मग त्यांनी लिहिलं, "तुम्ही ऐकली तरी होतीत ना?"

"नाही गं. तुला ठाऊक आहे, मी कुणाचं उघडत नाही."

काकूंनी लिहिलं, "कुणाचं?" आणि त्या शब्दाखाली रेघ मारली.

एक्केचाळीस फायली, तीनशे ऐंशी एमबी, एवढंच काकांना ठाऊक होतं. काकूंनी पान उलटलं. "शेवटची सात तुमच्यासाठी होती."

"काय होतं त्यात?" काका कळवळून म्हणाले. "लिही ना. वाटेल तेवढा वेळ घे. मी जन्मभर जपून ठेवीन."

काकूंनी पेन टेकवलं. दोन अक्षरं काढली, खोडली. पुन्हा टेकवलं, पुन्हा थांबल्या. शेवटी लिहिलं आणि वही त्यांच्याकडे वळवली.

"लिहिण्यासारखं असतं तर तेव्हाच लिहिलं असतं."