मॉलमधला पैलवान

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. इकडं परदेशात, स्कारबरोच्या मॉलमध्ये रोज एक धिप्पाड गोरा म्हातारा बसायचा. चेंडू हातात धरून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल, त्यावरच त्याने पोट भरलेलं. आतसुद्धा काळा चष्मा, उजेड सोसायचा नाही. मी तालमीतला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "डोक्याला मार किती बसला?"

"कुणी मोजला नाही. सोमवारी एवढंच विचारायचे, रविवारच्या मॅचला उभा राहशील ना?"

एक दिवस मॉल बंद व्हायच्या वेळी त्याला बाहेर जायचं दारच आठवेना, म्हणून तो बसून राहिला. सिक्युरिटीचा पंजाबी गडी दंडाला धरून त्याला ओढायला लागला. मी मधे पडलो.

"अंकलजी, आप बीच में मत आओ. इसका रोज का नाटक है."

असलं डोकं फिरलं! आमच्याकडं म्हातारा वस्ताद आला की अख्खी तालीम उठून उभी राहते. आणि इथं हे? तरी त्या गड्यानं त्याला बाहेर काढलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आत येताना दिसला, तसं मी कॉफी पीत बसलेल्या आमच्या चार मराठी म्हाताऱ्यांना दटावून उभं केलं.

"अहो, गुडघे दुखतात."

म्हटलं, "दुखू देत. उभे राहा."