विमानांवर रागावलेले साडू

जगात आजघडीला जितकी म्हणून लढाऊ विमानं उडतात, त्या झाडून सगळ्या विमानांवर माझे साडू रागावलेले आहेत. उडणाऱ्यांवर आहेत, कारखान्यात अडकून पडलेल्यांवर आहेत, आणि ज्यांची अजून नुसती चित्रंच छापून येतात त्यांच्यावर तर विशेष आहेत. माणसाचं भावाशी वाकडं असतं, सासऱ्याशी असतं, सोसायटीच्या सेक्रेटरीशी तर असावंच लागतं. पण चहाच्या पहिल्या घोटाला फ्रान्सवर डाफरणारा आणि दुसऱ्या घोटाला अमेरिकेची सालटी काढणारा माणूस तुम्हाला सबंध ठाणे-बेलापूर रस्त्यावर दुसरा मिळायचा नाही. साडू मूळचे तळवलीचे. वडिलांची भातशेती कारखान्यांसाठी गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरीत चिकटवून घेतलं, ते हे. खरेदी खात्यात पंप, झडपा आणि वायसर विकत घेण्यात त्यांची उभी हयात गेली. विकणाऱ्याच्या गोड बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा एकच धर्म त्यांनी पाळला, आणि निवृत्तीनंतर पंप उरले नाहीत म्हणून तो विमानांना लावला. आम्ही एकाच घरचे जावई असल्यामुळे ते मला शिव्या देतानाही अहो-जाहो करतात. "अहो, तुमाला अक्कल हाय का?" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो आहे.

तुलना करायला बसले की कोणत्याच विमानाची धडगत नसते. राफेल घ्या. "विमान एक नंबर, नाव ठेवायला जागा नाय. पन कुलूप त्यांचं, चावी त्यांची, आमी नुसतं दार पुसायचं." म्हणजे असं, की विमानाचा मेंदू चालवणारा मूळ प्रोग्राम विकणारा देश स्वतःकडेच ठेवतो, आणि आपलं घरचं क्षेपणास्त्र त्यावर बसवायचं झालं तरी त्याचं दार ठोठावावं लागतं. सुखोई घ्या. "अंगानं दांडगं, पन सुट्या भागांसाठी रशियाच्या तोंडाकडं बघायचं. तिकडं लढाई लागली की आपला नंबर मागं." अमेरिकेच्या एफ-३५चं तर नाव काढायची सोय नाही. "रडारला दिसत नाय म्हनं. बिल तर दिसतंय ना?" मग ओघानेच तुर्कस्तान येतो. त्याने त्या विमानासाठी पैसे भरले, ते बनवायला हातभारही लावला. पण रशियाकडून विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं घेतली म्हणून अमेरिकेने विमान द्यायचं नाकारलं. "एका दुकानात बयाना दिला तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाय? हा धंदा हाय का सासुरवास?" एवढं होईपर्यंत त्यांचा चहा गार झालेला असतो, आणि त्याचीही जबाबदारी ते अमेरिकेवरच टाकतात. फक्त आपल्या तेजसचा विषय मी त्यांच्यासमोर काढत नसे. विमान आपलं, इंजिन अमेरिकेचं, आणि ते वेळेवर येईना. "नवरा बाशिंग बांधून बसलाय आनि घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात," कोणी काढलाच तर एवढंच म्हणत, तेही हळू आवाजात.

या रागापायी मेहुणीने जे सोसलं ते तिचं तिलाच ठाऊक. एकदा तिला मिक्सर घ्यायचा होता म्हणून आम्ही सगळे वाशीला गेलो. दुकानदाराने मिक्सर फिरवून दाखवला, मेहुणीला पसंत पडला, पैसे काढायची वेळ आली आणि साडूंनी विचारलं, "भांडं फुटलं तर दुसऱ्या कंपनीचं बसंल का?" दुकानदार म्हणाला, "नाही काका, आमच्याच कंपनीचं लागतं." झालं. पुढचा अर्धा तास त्या बिचाऱ्याला विमानविक्रीचं राजकारण ऐकावं लागलं. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "काका, मी फक्त मिक्सर विकतो हो." "सगळे असंच बोलतात सुरवातीला," असं म्हणून साडू बाहेर पडले, आणि पुढे वर्षभर मेहुणी शेजारणीकडे जाऊन खोबरं वाटून आणत होती. दुसऱ्या एका प्रसंगी, गावातल्या हळदीला, पंगतीत कोणा पाहुण्याच्या तोंडून "अमेरिकेचंच विमान घेऊन टाकावं एकदाचं" असं निघून गेलं. साडू त्या वेळी मटण वाढत होते. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली आणि त्या पाहुण्याचं मतपरिवर्तन होईपर्यंत पुढे वाढायचं नाकारलं. अख्खी पंगत कोरडी भाकरी धरून बसून राहिली. पाहुणा नवऱ्या मुलाचा सख्खा मामा होता, पण पोटाला चिमटा बसल्यावर तोही अमेरिकेला शिव्या देऊ लागला.

या माणसाला मुलगी एकच. इतर बाप लेकीला चांदोबा दाखवतात, यांनी विमान दाखवून "सांग, ह्याचं इंजिन कोनाचं?" असं विचारलं. शाळेत असताना तिने उलटून विचारलं, "मग आपण का नाही बनवत?" साडूंनी तिला समजावलं की इंजिनाच्या पोटात पाती फिरतात, ती अशा आगीत फिरतात की साधा धातू वितळून जाईल, ते पातं ओतायची विद्या मोजक्या देशांकडे आहे आणि ते ती सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. मुलीने ते मनावर घेतलं. धातुशास्त्र शिकली, पुढचं शिक्षणही त्यातच घेतलं. घणसोलीच्या भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना साडूंनी सांगून ठेवलं होतं, "आमची पोरगी पातं करनार हाय."

आणि मग फ्रान्समधल्या एका इंजिन कंपनीने तिला नोकरी देऊ केली. काम पात्यांचंच.

त्या दिवशीसारखे चिडलेले साडू मी कधी पाहिले नव्हते. "पातं देत नाय आनि पात्यासाठी पोरगी नेतात! जल्मभर मी बोंबलतो, टेक्नॉलॉजी द्या, टेक्नॉलॉजी द्या. आनि माझ्याच घरातनं ती उलटी चाललीय, फुकट! नाय जायचं." मुलगीही त्यांचीच; तिने तिकीट काढलं. घरात बोलणं बंद झालं आणि मेहुणीने रडत मला फोन केला. मी गेलो तेव्हा साडूंनी टेबल रिकामं करून लेकीला समोर बसवलं होतं. विक्रेता आला की सौदा ठरेपर्यंत त्याला चहा द्यायचा नाही, ही त्यांच्या खात्यातली रीत. त्यांनी मेहुणीला सांगितलं होतं की बोलणं होईस्तोवर पोरीला चहा द्यायचा नाही. पोटच्या पोरीला! मला हसू येईना, इतका राग आला होता.

"पाच वर्षं," साडू म्हणाले. "सगळं शिकायचं आनि परत यायचं. कबूल असंल तर जा."

मुलगी शांतपणे म्हणाली, "बाबा, मोठं मशीन मागवायच्या आधी तुम्ही काय बघायचात?"

"काय बघायचो?"

"ते उतरवायला जागा आहे का ते. मी इथे इंजिनांच्याच एका संस्थेत दोन वर्षं कंत्राटावर होते. एकदाही मला भट्टीजवळ उभं केलं नाही, साहेबांची प्रेझेंटेशनं बनवली नुसती. कंत्राट संपलं तर म्हणाले, कळवतो. अजून कळवतायत. मी येते ना परत. पण मला उतरवणार कुठे ते सांगा. सांगा, आत्ता तिकीट कॅन्सल करते."

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. फ्रान्सला, रशियाला, अमेरिकेला तोंडावर देण्यासारखी उत्तरं ज्यांच्याकडे तयार होती, त्यांच्याकडे लेकीला सांगायला एक पत्ता नव्हता. माझ्याकडेही नव्हता. आणि तेव्हा माझा साडूंवरचा राग उतरला आणि दुसरीकडेच चढला. विकणारे विकणारच, अडवणारे अडवणारच, तो त्यांचा धंदा आहे. पण घरची हुशार पोर दाराशी ताटकळत ठेवायची आणि बाहेरून इंजिन कधी येतंय म्हणून वाट बघत बसायचं, याला काय म्हणावं? त्या 'कळवतो' म्हणणाऱ्या साहेबाला माझ्या हाती दिलं असतं तर मी काय केलं असतं ते लिहिण्याजोगं नाही. साडू मात्र उठून आत गेले, स्वतः चहा केला आणि लेकीपुढे ठेवला.

ती निघाली त्या दिवशी मेहुणीने तिच्या हातावर दही घातलं. साडू गाडीवाल्यावर ओरडले, बॅगेच्या चाकांवर ओरडले, विमानतळावर ट्रॉली वाकडी चालते म्हणून तिथल्या शिपायावर ओरडले. लेकीवर तेवढे ओरडले नाहीत. ती आत गेल्यावर कितीतरी वेळ ते त्या दाराकडे बघत उभे होते, आणि येणारे-जाणारे त्यांना वळसा घालून जात होते.

परवा रविवारी आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. घर इतकं शांत की मला करमेना. मी मुद्दाम म्हणालो, "भाऊ, अमेरिकेचं विमान घेऊन टाकावं आता." साडू भाकरी मोडत राहिले. मी म्हणालो, "राफेल काही एवढं खास नाही." त्यांनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला. शेवटी मीच चिडलो आणि तावातावाने बोलत सुटलो: चावी त्यांची, इंजिन त्यांचं, आणि आपण काय करतोय! आवाज इतका चढला की बायकोने मला टेबलाखालून पाय मारला. साडूंनी माझ्या ताटात बोंबलाचं कालवण वाढलं.

"जेवा, गार होतंय," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "ती तिथं एकटीच जेवते हो."