पाहुण्यांपुरता गॅस

डॉ. कुसुम बोरघरे यांचा मला पहिला परिचय झाला तो त्यांच्या आवाजाचा. फुप्फुसांच्या आजारांचं शिक्षण संपवून मी नागपूरच्या प्रताप नगरातल्या त्यांच्या दवाखान्यात रुजू व्हायला गेले, तेव्हा आत मॅडम कुणावर तरी कडाडत होत्या. "अंगण ओलांडताना बाईंचे ओठ निळे पडतात, आणि तुम्ही याला वय म्हणता?"

समोर नरखेड तालुक्यातले रमेशराव बसले होते, शेजारी त्यांच्या पत्नी गीताबाई. संत्र्याची बाग असलेलं, खाऊनपिऊन सुखी घर. गीताबाईंनी कधी विडीला हात लावला नव्हता. फुप्फुसं मात्र जन्मभर विड्या ओढणाऱ्या माणसासारखी झालेली. लग्न होऊन आल्यापासून घरादाराचा स्वयंपाक आणि आंघोळीचं पाणी त्या चुलीवरच करत होत्या.

"मॅडम, चूल तं घरोघरी हाये," रमेशराव म्हणाले. "आमच्या मायनं जलमभर फुकली. हिलेच काहून दम लागते?"

"तुमच्या आई कशानं गेल्या?"

"खोकल्यानंच गेली जी."

मॅडमनी गीताबाईंना लगेच भरती करून घेतलं. बाईंना आडवं होणंही जमेना, तेव्हा स्वतःच्या घरून लोड आणून त्यांच्या पाठीशी लावला आणि मऊ खिचडी चमच्यानं भरवली. मॅडमचा राग नागपुरात सर्वांना ठाऊक आहे. तो लोड मात्र फार थोड्यांनी पाहिला.

गीताबाई बऱ्या होऊन गावी गेल्या आणि थंडीत पुन्हा तशाच धापा टाकत आल्या. त्यांना बरं करून घरी पाठवल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "औषधं खूप झाली. आता आपण त्यांच्या घरी जाऊ."

आम्ही गेलो. दारात मोटरसायकल, भिंतीशी जळणाला ठेवलेल्या कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीचा ढीग. आत गीताबाई चुलीपुढे आणि स्वयंपाकघरात धूर असा की त्यांची सून पल्लवी आधी दिसलीच नाही. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती, सिलिंडरवर जुनी साडी पांघरलेली.

"हा वापरत नाही?" मॅडमनी विचारलं.

"वापरतो न जी," रमेशराव म्हणाले. "पाव्हणे आले का चहाले लावतो. रोज कसा परवडन?"

"म्हणजे पाहुण्यांच्या डोळ्यांत धूर जाऊ नये, एवढं तुम्हाला कळतं! आणि बाहेरची ती गाडी काय पऱ्हाटीवर चालते?"

रमेशराव ओशाळून हसले. "तसं नाही जी, पण चुलीवरच्या भाकरीची चवच निराळी."

"मग आज भाकरी तुम्हीच करा. मी जेवून जाणार आहे."

मॅडमनी गीताबाई आणि पल्लवी दोघींना अंगणात आणून बसवलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. रमेशरावांची पहिली भाकरी मोडली, दुसरी करपली. फुंकणीनं जाळ करता करता ते खोकत, डोळे चोळत बाहेर धावले.

"कुठे निघालात? भाजी व्हायची आहे," मॅडम म्हणाल्या.

हसावं असं वाटूनही मला हसू आलं नाही, कारण त्याच वेळी गीताबाई धापा टाकत सुनेला सांगत होत्या, "पाणी दे वं त्यायले." मॅडमच्या डोळ्यांत मी त्या दिवशी प्रथमच पाणी पाहिलं. ते धुराचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रमेशराव त्याच मोटरसायकलवरून भरलेला सिलिंडर घरी घेऊन आले. त्या घरचा स्वयंपाक आता गॅसवर होतो. परंतु गीताबाईंची फुप्फुसं परत आली नाहीत. ऑक्सिजनच्या यंत्राची नळी नाकाला लावून त्या खाटेवर बसून असतात. कुणी याला मॅडमचं यश म्हटलं की मॅडम संतापतात. "एक बाई गुदमरल्यावर एका घराला जाग आली. हे यश?" शेजारच्या घरांतून अजूनही सकाळ-संध्याकाळ धूर निघतोच.

मॅडमच्या या पंचाहत्तरीनिमित्त आम्ही स्नेह्यांनी काटोल रस्त्यावर एके ठिकाणी जेवण ठरवलं होतं. दारावर झोकात पाटी होती, 'चुलीवरचं जेवण'. मॅडम खुर्चीवर न बसता थेट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथे दोन बाया ओल्या लाकडांच्या धुरात डोळे पुसत भाकरी थापत होत्या. मॅडम परत आल्या त्या कडाडतच. "ज्या धुरानं बायका मरताना मी पाहिल्या, त्याची चव घ्यायला मला बोलावलंत?" आम्ही सगळे उठलो आणि त्यांच्या घरी जाऊन वरण-भात जेवलो. मलाही चीड येते ती याचीच: चूल गावात नाइलाज, शहरात हौस, आणि दोन्हीकडे धूर गिळायचा तो बाईनंच.

मॅडम, या वयात राग प्रकृतीला बरा नाही, असं सांगणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. मी डॉक्टर असूनही ते सांगणार नाही. तुमचा श्वास मोकळा राहो, आवाज असाच खणखणीत राहो आणि तुम्ही सुखानं शंभरी ओलांडा. त्या दिवशी तुमच्या दवाखान्यात चुलीच्या धुरानं धापा टाकणारी एकही बाई नसावी, आणि रागवायला तुम्हाला दुसरं कारण शोधावं लागावं.