ग्रहणात कापलेलं सफरचंद

आमच्या बेटेगावच्या बिल्डिंगमध्ये ग्रहणाची बातमी टीव्हीच्या आधी रंभाबाई देते. मूळची येवल्याकडची. नवरा चंद्रभान बोईसरला कारखान्यात लागला तेव्हा ती इकडे आली, आणि येताना सगळे नेमधर्म सोबत घेऊन आली. कोणाच्या घरात पोटुशी बाई असली की ग्रहणाच्या सकाळी दार वाजलंच म्हणून समजा. सुरी नाही, विळी नाही, सुई नाही, गपचूप पडून राहायचं. नाहीतर पोराचा ओठ फाटतो. तिच्यापुढे कोणी ब्र काढत नाही. मीही नाही, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते.

गेल्या चंद्रग्रहणाला मात्र ती गावी होती, आणि सून वैभवीला चौथा महिना. फोनवर तिनं सुनेकडून सगळं वदवून घेतलं. वैभवी हो हो म्हणाली, रात्री भूक लागली तेव्हा सफरचंद कापून खाल्लं आणि झोपली. औषध कंपनीत पॅकिंगला जाणारी चटपटीत मुलगी. असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पाचव्या महिन्यात पालघरला सोनोग्राफी झाली. बाळाचा वरचा ओठ जुळलेला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. बाकी बाळ ठीक दिसतंय, टाळूचं जन्मल्यावर कळेल, ओठाचं ऑपरेशन काही महिन्यांनी करता येतं. घराण्यात कोणाला असं होतं का, हेही विचारलं. तिचा नवरा अक्षय म्हणाला, कोणालाच नाही.

वैभवीनं त्यातलं काही ऐकलंच नसावं. तिच्या डोक्यात ते सफरचंद बसलं. आईंना सांगायचं नाही, असं तिनं अक्षयला बजावलं. जेवण तुटलं, मैत्रिणींचे फोन घेईनाशी झाली. एकदा माझ्याकडे येऊन तिनं सगळं सांगितलं. मी म्हटलं, अगं, ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतात, ग्रहण तर चौथ्यात होतं. तिनं मान डोलावली.

"कळतंय हो मॅडम. पण मी कापलं ना."

मला तिचा राग आला आणि फार वाईटही वाटलं.

सातव्यात रंभाबाईनं डोहाळजेवणाचा घाट घातला. आदल्या दुपारी मी नारळ द्यायला गेले, तेव्हा तिनं दुधी आणि विळी सुनेपुढे सरकवली. वैभवी हलेना.

"किती दिवस बघतेय," सासू म्हणाली. "विळीला हात लावत नाय. भाजी नवरा चिरतो. झालंय काय तुला?"

वैभवीचा बांध फुटला. बाळाचा ओठ, डॉक्टरीणबाईंचा घराण्याबद्दलचा प्रश्न, सफरचंद, सगळं बाहेर आलं. "आई, शिव्या द्या मला. मीच माझ्या बाळाचा ओठ कापला."

आता ही म्हातारी तिला सोलून काढणार, असं मला वाटलं. मध्ये पडायच्या तयारीनं मी उठलेही.

रंभाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"अक्षयच्या आधी मला पोरगी झाली व्हती. असाच ओठ. तिला अंगावर पिता येईना. गेली बिचारी. अक्षयला बी ठाऊक नाय."

वैभवी रडायची थांबली.

"सासू, नणंदा, शेजारणी, सगळ्या इचारायच्या, गिरनात काय कापलं? रोज तेच. शेवटी म्हनले, कापली एक भेंडी. मग सोडलं मला."

"म्हणजे तुम्हीपण?"

"नाय गं पोरी. हात जोडून बसले व्हते. पाण्याचा घोट नाय घेतला. मी काय बी कापलं नव्हतं."

या बाईनं इतकी वर्षं आमची दारं का वाजवली, ते मला तेव्हा कळलं: पुढं कोणी कुठल्या बाईला 'काय कापलं' म्हणून छळू नये, म्हणून.

रंभाबाईनं विळी पुन्हा सुनेपुढे सरकवली.

"चिर. आन अक्षयला फोन लाव. त्या डॉक्टरीणबाईला सांगायला पाहिजे, घराण्यात व्हतं म्हनून."