सांडूची पिवळी फळी

दुष्काळात मेंढरे विकावी लागली आणि ज्या माळावर ती चरत, तिथेच उभ्या राहिलेल्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या रुग्णवाहिकेवर सांडू मदतनीस म्हणून लागला. त्याला निळा गणवेश, जखमीला बांधून न्यायची पट्ट्यांची पिवळी फळी आणि दोन दिवसांचे प्रशिक्षण मिळाले. शिकवणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "पडलेल्याची मान आणि पाठ हलू देऊ नका." सांडूने ते आपल्या सोयीने लक्षात ठेवले : सरळ करायचे आणि बांधायचे.

अधिकार माणसाच्या किती लवकर अंगवळणी पडतो, याचा अभ्यास करणाऱ्याने सांडूची पुढची दोन वर्षे पाहावीत. आयुष्यभर ज्याला सगळ्यांनी बाजूला सरकायला सांगितले, तो आता साहेबांनाही "हलू नका" म्हणे, आणि साहेब हलत नसत. अंगठा चेपलेला कामगारही त्याने बांधला. शहरात, पुंडलिकनगरात, जिन्यावरून घसरलेले त्याचे दाजी रामेश्वर यांना तर इतके आवळले की वाटेत ओकारी आली तेव्हा त्यांना मान वळवता येईना. जीव घुसमटला. चालकाने फळीसकट कुशीवर केले म्हणून निभावले. तेव्हापासून सांडू घरी आला, की दाजी आपले दोन्ही हात मोकळे आहेत याची खात्री करूनच बोलत.

मग एका मे महिन्यात गावात टँकर आला. आपली नळी सर्वांआधी आत जावी म्हणून बानाबाई शिडीवर चढली आणि मानेवर पडली. ही सांडूच्या नात्यातली म्हातारी. पाठ वीस वर्षांपूर्वीच कमानीसारखी वाकलेली. बोलावलेल्या रुग्णवाहिकेतून उतरून सांडू फळी घेऊन धावला.

"मावशे, हलू नको. सरळ करतो तुला."

"मुडद्या, वीस सालं झाली, मी सरळ झाले नाय. तू आज करतूस व्हय?"

"नियम हाय."

"मंग नियमाला म्हणावं, आधी मह्या पाठीला इचार!"

भोवतालचे लोक हसले. सांडूने तिचा खांदा खाली दाबला मात्र, बानाबाई किंचाळली. "हाताला मुंग्या आल्या रं सांडू!" या वेळी कोणी हसले नाही.

सांडूचा हात जागीच थांबला. बाई 'हलू देऊ नका' म्हणाल्या होत्या. 'सरळ' हा शब्द त्यात कुठेच नव्हता. तो त्याच्या पदरचा होता. लंगडी मेंढी खांद्यावर घेताना त्याने कधी तिला सरळ केले नव्हते. आपला खांदाच तिच्यासारखा वाकवला होता.

"घोंगड्या आणा!" तो ओरडला.

बानाबाईच्याच घरातल्या दोन घोंगड्या आल्या. चालकाने तिचे डोके आहे तसे धरले. सांडूने तिला वाकलेली तशीच फळीवर घेतले, मान आणि फळी यांच्यामधली पोकळी घड्यांनी भरून काढली आणि पट्टे बेताने लावले.

"ओकारी आली तर सांग."

"रामेश्वर म्हणतो, तू सांगाया येळच देत नाय."

रुग्णालयात डॉक्टरांनी क्ष-किरणाचे चित्र उजेडात धरले. मानेच्या मणक्याला चीर होती. "ही मान कोणी दाबून सरळ केली असती तर..." एवढे बोलून ते थांबले.

सांडू खाटेपाशी गेला आणि खाली वाकला.

"मावशे, बोटं हलव बरं."

बानाबाईने ती हलवली. नेमका त्याचा कान पकडला आणि पिळला.

"मह्या घोंगड्या कुठंयत? त्या मिळंस्तवर तू बी सरळ व्हायचं नाय."