सोमीची शिट्टी

पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वीस-बावीस घरांची वाडी आहे. तिच्या डोक्यावर दगडाची खाण. खाणीत सुरुंगाचा बार उडाला की दगड थेट वाडीत येत. असाच एक दगड वाडीतल्या काशिरामच्या खांद्याचं हाड मोडून गेला आणि सगळ्यांना सावध करायला सोमीच्या गळ्यात शिट्टी आली. खाणीचा मुकादम तुळशीराम आधी फोन करायचा, "सोमे, दीडला बार हाय." मग सोमी शिट्टी फुंकत वाडीभर फिरायची आणि सगळ्यांना सरकारी घरकुलांत कोंबायची. स्लॅबखाली दगडाची भीती नाही. काशिराम म्हणायचा, "हिची शिट्टी ऐकून कोंबड्याबी आत शिरतात." बारा वर्षांत कुणाला खरचटलं नाही. सोमीला त्याचा ताठा होता आणि तो तिला शोभायचाही.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला जमीन गुरगुरली. हंडे एकमेकांवर आपटले. माणसं दारांतून बाहेर धावली. तुळशीरामचा फोन आला नव्हता. मेल्यानं न सांगता बार उडवला, असंच सोमीला वाटलं. तिनं जोरात शिट्टी फुंकली. "आत व्हा, आत. आता दगड येतील."

कमळाबाई अंगणात सुकट निवडत होती. ती म्हणाली, "पोरी, ह्यो बार नाय वाटत. खालून येतंय काय तरी."

"म्हातारे, वाद नको घालू," म्हणत सोमीनं तिला दंडाला धरून घरकुलात नेऊन बसवलं. बाहेर आलेली माणसंही मुकाट परत आत गेली. कोंबड्या मात्र त्या दिवशी अंगणातच राहिल्या.

भूकंपाचा दुसरा झटका पहिल्याहून मोठा होता. जुन्या कुडाच्या झोपड्या नुसत्या झुलल्या आणि उभ्या राहिल्या. घरकुलाची विटांची भिंत कमळाबाईच्या पायावर आली. बाकीची कशीबशी बाहेर निसटली.

दवाखान्यात कमळाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सोमी रोज भाकरीचा डबा घेऊन जायची. कमळाबाईची सून मनिषा डबा घ्यायची आणि पाठ फिरवायची. कमळाबाईच एकदा म्हणाली, "तुजं काय चुकलं म्हनू? रोज तर बरोबर असायचीस." यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर सोमीला बरं वाटलं असतं.

वाडी आता माळावर प्लास्टिक बांधून राहत होती. घरकुलांना तडे गेले होते, आणि नसते गेले तरी छपराखाली कोण जाणार. नवव्या दिवशी सकाळीच तुळशीरामचा फोन आला.

"सोमे, आज दीडला बार हाय. खान परत चालू करायचीय."

"लोक उगड्यावर हायत रे."

"मंग मार शिट्टी. तुजं कामच हाय ते."

सोमीनं शिट्टी तोंडाशी नेली. माळावर चुली पेटल्या होत्या. दवाखान्यातून सकाळपुरती परत आलेली मनिषा भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "फुंक, फुंक. आता कुनाला आत घालतेस, बगू तरी."

कुणी उठलं नाही. सोमीनं शिट्टी खाली सोडली आणि खाणीची वाट धरली.

वर कातळात भोकं पाडून झाली होती, सुरुंगाची दारू भरायची बाकी होती. सोमी त्या भोकांच्या मधोमध जाऊन बसली.

"ऊठ गो बाय," तुळशीराम म्हणाला. "माजी नोकरी जाईल."

"जाऊ दे. माजी गेलीच हाय."

"किती दिस बसशील अशी?"

"ती घरात जात नायत तवर."

"आन गेलीच नाय तर?"

ती खाली वाडीकडे बघत राहिली. ऊन डोक्यावर आलं. दीड वाजून गेला.

मग तिच्या मांड्यांखालचा कातळ थरथरला. खडी घरंगळत खाली गेली. सोमीचा हात आपसूक शिट्टीवर गेला आणि तिथंच थांबला. खाली माळावर माणसं चुली सोडून उभी राहिली होती, लेकरं काखोटीला मारून. सोमीनं नजरेनंच एकेक डोकं मोजलं. सगळी बाहेर होती. मनिषा डोळ्यांवर हात धरून खाणीकडे बघत होती.

कातळाची थरथर थांबेपर्यंत सोमीनं शिट्टी मुठीत आवळून धरली. तुळशीराम मटकन तिच्या शेजारी बसला. ऊठ म्हणाला नाही.