मामाचा बिस्ट्रो

माझा मामा कुडपणचा. विशीत तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासायला लागला. तिथला मुख्य आचारी फ्रेंच होता. त्याच्या हाताखाली मामा आधी कांदे चिरायला शिकला, मग रस्से, मग सगळंच. पंचवीस वर्षांनी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तो परत आला, पण कुडपणच्या शेतावर नाही. महाडजवळ बिरवाडीत रस्त्याकडेला एक गाळा घेऊन त्यानं सहा टेबलं मांडली आणि वर पाटी लावली, 'बिस्ट्रो'.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बिरवाडीत कारखान्यांतले कामगार भाड्याच्या खोल्या शोधत फिरायचे. त्यातले कितीतरी जण ती पाटी वाचून आत यायचे आणि विचारायचे, "बिस्तरा कितीला?" मामा चिडायचा नाही. त्यांना बसवायचा आणि कुठे खोली रिकामी आहे तेही सांगायचा.

"बिस्ट्रो म्हंजे मोठं हाटेल नाय गो," त्यानं मला समजावलं होतं. "तिकडं गल्लीगल्लीत असतंय. नवरा रांधतो, बायको वाढते. साधं, पोटभर आन् खिशाला झेपंल असं."

वाढायला बायको त्याला नव्हती. त्यानं लग्नच केलं नव्हतं. दोन्ही कामं तोच करायचा. मच्छीच्या ताटाला पडतील तेवढ्याच पैशांत तो कांद्याचं सूप, कोंबडी नाहीतर दुधात भाजलेले बटाटे आणि शेवटी कॅरामलचं पुडिंग द्यायचा. सूपसाठी तो कांदा मंद आचेवर दीड-दोन तास परतायचा. तेवढा वेळ त्या दुखऱ्या गुडघ्यांनी उभा असायचा. हे मला माहीत होतं, म्हणून पुढचं सांगायला जड जातं.

मी पोलादपूरला वाढले. वडील प्राथमिक शिक्षक. आई मामाची एकुलती बहीण. माझं लग्न पुण्याच्या एका इंजिनिअरशी झालं. त्याची नोकरी इथल्याच कारखान्यात, म्हणून आम्ही महाडला अधिकाऱ्यांच्या वसाहतीत राहायला आलो. मला तिथल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली. शेजारणी पुण्या-मुंबईच्या. त्यांच्यात बसता-उठता माझ्या तोंडचं 'हाय' आणि 'नाय' महिन्याभरात गेलं. कुणी शिकवलं नाही, मीच सोडलं. माहेर कुठलं विचारलं की मी "वडील शिक्षक आहेत" एवढंच सांगायचे. प्रश्न काय आणि उत्तर काय!

त्या वर्षी कारखान्यात नवी यंत्रं बसवायला तीन-चार फ्रेंच इंजिनिअर आले होते. ते रोज दुपारी मामाकडे जेवतात ही बातमी वसाहतीत पसरली आणि मोठ्या साहेबांच्या पत्नीनं ठरवलं, या महिन्याची आपली भिशी तिथेच. सगळ्या जणी हो म्हणाल्या. तेव्हाच मला सांगता आलं असतं, "अहो, तो तर माझा मामा!" पाच शब्द होते. मी म्हणाले, "हो, मीही नाव ऐकलंय."

मंगळवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दुपारी आम्ही सात जणी गेलो. मामानं दोन टेबलं जोडून ठेवली होती, वर पांढरी चादर इस्त्री करून अंथरली होती. मला बघून त्याचा चेहरा उजळला. तो पुढे आलाच असता, पण मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. मान वर केली तेव्हा तो आत गेला होता.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही इकडच्याच ना? ओळखता का यांना?"

"नाही हो," मी म्हणाले. "मुंबईहून परत आलेले इथे ढिगानं आहेत. कुणाकुणाला ओळखणार?"

मामा मागेच होता. हातात सूपचे दोन वाडगे. त्यानं एक माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "जपून, मॅडम. गरम हाय."

तिथे थांबले असते तरी बरं होतं. पण खोटं बोललेल्या माणसाला आणखी पुरावा द्यावासा वाटतो. मी दोन चमचे घेतले आणि जरा मोठ्यानंच म्हणाले, "नाव मोठं. आहे काय शेवटी? कांद्याचं पाणी!"

दोघी-तिघी हसल्या. मोठ्या साहेबांच्या पत्नी हसल्या नाहीत. त्या सावकाश सूप पीत राहिल्या. खरं तर सूप फार चांगलं होतं. वर पावाचा भाजलेला तुकडा, त्यावर वितळलेलं चीज, खाली तपकिरी गोडसर कांदा. ते मी अर्धं टाकलं.

पुडिंग आलं तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी मामाला थांबवून त्याची चौकशी केली. कुठे शिकलात, किती वर्षं होतात, गाव कुठलं.

"कुडपण," मामा म्हणाला. "पोलादपूरच्या वर, डोंगरात."

"घरी कोण कोण?"

"कोन नाय. बहीण होती, ती गेली. एक भाची हाय."

"येते की नाही मामाचं जेवायला?"

मामानं टेबलावरचा रिकामा वाडगा उचलला. "येईल की. चांगल्या घरी दिलीय. सवड नसते तिला."

मी पुडिंगकडे बघत होते. लहानपणी शिमग्याला कुडपणला आला की तो हेच पुडिंग स्टीलच्या डब्यात, चुलीवर पाण्यात ठेवून माझ्यासाठी करायचा. मी ते खाल्लं, सगळं खाल्लं.

घरी नवऱ्याला काही सांगितलं नाही. आठवड्यानं जेवताना तोच सहज बोलला, "आज मामांकडे गेलो होतो त्या फ्रेंच लोकांबरोबर. ते विचारत होते, तुझी यांची ओळख कशी. म्हटलं, माझे मामेसासरे. तर उठून हात मिळवला की त्यांनी मामांशी!" तो हसत होता. पुण्याचा माणूस, कुडपणला दोनदा गेलेला, त्याला ते सांगताना काहीच जड गेलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्याबरोबर मी सहा सीटर रिक्षा धरून बिरवाडीला गेले. गाळ्यात गिऱ्हाईक नव्हतं. मामा स्टुलावर बसून कांदे सोलत होता.

"मामा, चुकले मी."

"बस," तो म्हणाला. वर बघितलं नाही. हातातला कांदा सोलून टोपलीत टाकला आणि विचारलं, "सूप खरंच पानी झालं होतं काय गो?"

"नाही. चांगलं होतं. फार चांगलं होतं."

"मग तसं कशाला बोललीस?" आता त्यानं वर बघितलं. "मला वळखलं नाय, ते एक सोड. मी बी मुंबईत कितीदा गाव सांगितलं नाय. पन त्या दिसापासून रोज चाखून बघतोय, कुठं कमी पडतंय म्हनून."

मला रडू आलं. त्यानं समजूत घातली नाही. कांद्यांची टोपली माझ्याकडे सरकवली आणि मी अंधार पडायच्या आत जेवढे झाले तेवढे सोलून दिले.

पुढच्या भिशीला मी धीर करून सांगितलं, तो माझाच मामा. बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मोठ्या साहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. भाचीचं बोलताना ते तुमच्याकडे बघणं इतकं सांभाळून टाळत होते!" आणि त्यांनी चहा ओतायला घेतला. म्हणजे मी जे लपवत होते ते टेबलावर उघडं पडलेलं होतं, आणि माझी अब्रू राखायला धडपडत होता तो एकटा मामा.

त्यानंतर मी वरचेवर जायला लागले. एकदा शाळेतल्या शिक्षिकांना घेऊन गेले आणि दारातूनच ओरडले, "मामा, आम्ही आलो! हा माझा सख्खा मामा बरं का!" सगळी टेबलं वळून बघायला लागली. मामा हात पुसत बाहेर आला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हळू गो. लोकं जेवतायत."

दीड-दोन वर्षांत फ्रेंच इंजिनिअर परत गेले. कामगारांना भात आणि कालवण हवं होतं, आणि तेही बरोबरच होतं. मामानं काही दिवस ताटं वाढून बघितली, पण त्याचा जीव त्यात रमला नाही. पाटी उतरवून तो कुडपणला गेला आणि नाचणी करायला लागला. त्याच्या हातचं कांद्याचं सूप मी पुढे कितीदा तरी प्यायले. दर वेळी वाडगा पुढे ठेवल्यावर तो क्षणभर तिथेच थांबायचा आणि मी पहिला चमचा घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहायचा.